वाडीत उतरायचं कुणी?

कोकणात आमच्या गावी वाडी म्हणजे दहा-पंधरा घरं, माड आणि एक विहीर. मस्कतला नवीन आलो तेव्हा ऑफिसातल्या सहकाऱ्याने बजावलं, "पाऊस आला तर वाडीत जाऊ नकोस." मला हसूच आलं. पावसात वाडीत नाही जायचं तर जायचं कुठे? इथली वाडी म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी, हे लगेच कळलं. ती कशी धावते हे कळायला मात्र एक शुक्रवार लागला.

रुस्ताककडून आतल्या रस्त्याने परतत होतो. गाडीत बायको आणि दीड वर्षाची लेक. डोक्यावर लख्ख ऊन, पाऊस दूर डोंगरात कुठेतरी. रस्ता वाडीत उतरतो तिथे गढूळ पाणी वाहत होतं, फार तर गुडघाभर. मुंबईत जुलै महिन्यात याहून जास्त पाण्यातून गाडी काढलेली! मी गिअर टाकला, तोच एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाने बॉनेटवर हात ठेवला. "सबर करो," म्हणाला. आपली सबुरी ती हीच. मी नाइलाजाने थांबलो. शेजारची जीप थांबली नाही. ती मध्यावर गेली, तिरकी झाली आणि एका खडकाला अडकली. दहा मिनिटांत पाणी खिडकीला लागलं.

कुणीतरी ९९९९ फिरवला. सिव्हिल डिफेन्सची गाडी आली, दोन पोरं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरली आणि जीपमधल्या माणसाला घेऊन आली. पोरंच ती, विशी-बाविशीतली. टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. कुठलीही यंत्रणा दिसली की तिचा परफॉर्मन्स मोजायची खोड. त्या दिवसापासून या यंत्रणेबद्दल मिळेल ते वाचत गेलो. ते थोडक्यात सांगतो.

जून १८९०मध्ये या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ आलं. मस्कतमध्ये २४ तासांत २८६ मिलिमीटर पाऊस पडला. इथे वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा पाऊस एका दिवसात. त्या वादळात ७२७ माणसं गेल्याची नोंद आहे. इशारा देणारं कुणी नव्हतं आणि धावून येणारंही. पुढेही कित्येक दशकं फार फरक पडला नाही. १९७० साली अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. बंब असता तरी नेणार कुठून?

मग जून २००७मधलं गोनू. अरबी समुद्रात नोंदलेलं सर्वांत जोरदार वादळ. मंडळातली जुनी मंडळी अजून त्याच्या गोष्टी सांगतात. कुरुमचा बाजार पाण्याखाली, वाडीकाठचे रस्ते वाहून गेलेले, घुब्रा आणि बर्का इथले समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद, आणि टँकरपुढे बादल्यांच्या रांगा. तेव्हा सिव्हिल डिफेन्स रॉयल ओमान पोलिसांचाच एक विभाग होता आणि त्यांची रुग्णवाहिका सेवा तर २००४मध्ये सुरू झालेली, म्हणजे तीन वर्षांचं बाळ. तरीही मसिरा बेटावरून आणि किनाऱ्यावरून हजारो लोक वादळाआधीच हलवले गेले. मृतांची संख्या पन्नासच्या घरात राहिली. पुढे नागरी संरक्षण आणि रुग्णवाहिका यांचं वेगळं प्राधिकरण झालं, आणि वादळाचा वेळीच इशारा देणारं राष्ट्रीय केंद्रही आलं.

३ ऑक्टोबर २०२१ला शाहीन आलं, तेव्हा मी इथेच होतो. सरकारने दोन दिवसांची सुट्टी जाहीर केली, सखल भागातल्या लोकांना निवाऱ्यात नेलं, फोनवर सारखे मेसेज येत राहिले. खाबुरात एका दिवसात ३६९ मिलिमीटर पाऊस पडला. डझनाहून थोडी जास्त माणसं गेली. प्रत्येक वादळाचा जोर आणि मार्ग वेगळा, त्यामुळे ७२७, पन्नास आणि डझनभर या आकड्यांची सरळ वजाबाकी करता येणार नाही. पण दिशा दिसते. आणि या घटीतलं बरंचसं श्रेय दोराचं नसून दोर लागण्याआधी झालेल्या कामाचं आहे, असं मला वाटतं.

मग १४ एप्रिल २०२४. यावेळी नाव दिलेलं वादळ नव्हतं, नुसता पाऊस होता. समद अल शान भागात वाडीच्या लोंढ्यात गाडी वाहून गेली आणि दहा शाळकरी मुलं गेली. बेपत्ता लोकांचा शोध पुढे काही दिवस चालला. शाहीनला घाबरून सगळा देश घरात बसला होता. नुसत्या पावसाला कोण घाबरतो?

१४ एप्रिल ही तारीख मुंबईकराला वेगळ्या कारणानेही ठाऊक असते. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. आत काय आहे हे अधिकाऱ्यांना कळलं, तरी जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं याचा निर्णय होईना. तोवर बंबवाले दोन तास पाणी मारत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

त्या ६६ जणांच्या परफॉर्मन्समध्ये काय कमी होतं? काहीच नाही. चुका त्यांच्या येण्याआधीच झाल्या होत्या, दुसऱ्यांच्या हातून.

म्हणून हल्ली मला बंब किती मिनिटांत आला यापेक्षा तो बोलवायची वेळ का आली, हे आधी विचारावंसं वाटतं. भरलेल्या वाडीत मुद्दाम गाडी घालणं इथे गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा कायदा जरा अतीच वाटतो. मलाही वाटायचा. पण त्या शुक्रवारी म्हाताऱ्याने हात ठेवला नसता तर वाडीत दोन गाड्या असत्या, दुसरीत माझी लेक असती, आणि ती दोन पोरं आमच्यासाठी पुन्हा पाण्यात उतरली असती. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असणारच.

आता थंडी सुरू होईल, सहली निघतील, आणि इथला पाऊसही याच दिवसांत येतो. वाडीला पाणी दिसलं तर गाडी बाजूला घ्या, डब्यातली चकली काढा, तासभर गप्पा मारा. पाणी ओसरतं.

सबर करा, मंडळी. दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!