हरवलेल्या किल्ल्यांचा संत आणि कर्जबुडव्यांचा वकील

आजच्या गप्पांची सुरुवात एका किल्लीपासून करतो.

मी मूळचा इंदूरचा, पण गेली बरीच वर्षं बेंगळुरूत राहतो. इथे सुरुवातीला भाड्याच्या घराची किल्ली हरवली, तेव्हा घरमालकीणबाई दुसरी किल्ली देता देता म्हणाल्या, "सेंट अँथनीला सांगा, सापडेल. मंगळवारी जा." बाई हिंदू होत्या, आणि दर मंगळवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जायच्या. एकदा मीही गेलो. रांगेत कुंकू लावलेल्या बायका होत्या, बुरखा घेतलेल्या दोघी होत्या, परीक्षेची हॉलतिकिटं हातात धरलेली पोरं होती. तपकिरी झग्यातला, कडेवर बाळ घेतलेला एक तरुण साधू सगळ्यांकडे पाहत उभा. किल्ली सापडली नाही, पण हा माणूस मात्र डोक्यातून गेला नाही.

कारण पुढे त्याच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की किल्ल्यांशी त्याचा संबंध पुष्कळ उशिरा जोडला गेला. हयातीत त्यानं केलेलं एक पक्कं, कागदावर नोंदलेलं काम आहे, आणि ते कुणाला आठवत नाही. (मी त्याला 'तो' म्हणतो आहे, त्यात अनादर नाही. आपण ज्ञानोबा-तुकोबांनाही एकेरीच हाक मारतो.)

पादुआचा संत म्हणतात, पण तो पादुआचा नव्हे. जन्म लिस्बनचा, परंपरेनं ११९५ सालचा, खाऊनपिऊन सुखी घरातला. नाव फेर्नांदो. तरुणपणी ऑगस्टिनियन मठात गेला, आधी लिस्बनला, मग कोइंब्राला. तिथे ग्रंथ होते, शांतता होती, आणि आयुष्यभर पुरेल इतका अभ्यास होता.

मग १२२० साल उजाडलं. असिसीच्या फ्रान्सिसचे पाच अनुयायी मोरोक्कोत धर्मप्रचाराला गेले होते, त्यांना मराकेशमध्ये ठार मारण्यात आलं, आणि त्यांचे अवशेष कोइंब्रात आणले गेले. फेर्नांदोनं ते पाहिलं. ग्रंथ, मठ, नाव सगळं टाकून तो फ्रान्सिसच्या भिकाऱ्या पंथात शिरला आणि अँथनी झाला. नाव घेतलं तेही एका जुन्या संताचं, इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या अँथनीचं. इच्छा एकच, आपणही मोरोक्कोला जायचं आणि तिथेच मरायचं.

गेलाही. पण तिथे पोचून आजारी पडला, अख्खा हिवाळा अंथरुणात काढला. परत यायला निघाला तर वादळानं जहाज भरकटून सिसिलीला लागलं. ज्या कामासाठी सगळं सोडलं ते कामच झालं नाही. १२२१ मध्ये असिसीला पंथाचा मोठा मेळावा भरला, तिथे हा परका, फिकुटलेला पोर्तुगीज पोरगा कुणाला नको होता. शेवटी उत्तर इटलीच्या एका प्रमुखानं त्याला बरोबर नेलं आणि डोंगरातल्या एका आश्रमात ठेवलं. पुढे फोर्लीत एका समारंभात ऐनवेळी प्रवचनाला कुणी तयार होईना, तेव्हा "हाच बोलू दे" म्हणून त्याला उभं केलं. तोवर सोबत्यांची समजूत अशी, की हा शास्त्रापेक्षा भांडी घासायला बरा. तो बोलायला लागला आणि सगळे गार पडले. कोइंब्राचं ग्रंथालय बोलत होतं ते.

त्यानंतरची काही वर्षं मी भराभर सांगतो. उत्तर इटली, दक्षिण फ्रान्स, गावोगाव प्रवचनं, पाखंडी ठरवलेल्या पंथांशी वाद, बोलोन्यात सोबत्यांना शास्त्र शिकवणं, तीन वर्षं उत्तर इटलीचा कारभार. आपल्याला पोचायचंय ते १२३१ च्या पादुआत.

पादुआ तेव्हा श्रीमंत होत चाललेलं नगर होतं, आणि श्रीमंतीबरोबर सावकारीही वाढत होती. ती किती नावाजलेली होती, याचा पुरावा पुढच्या शतकात मिळतो. दान्तेनं आपल्या नरकात व्याजखोरांना बसवलं आहे. त्यातल्या एकाच्या गळ्यातल्या थैलीवर निळी डुकरीण आहे. ते पादुआच्या स्क्रोव्हेन्यी घराण्याचं चिन्ह. त्याच घरातल्या मुलानं पुढे चॅपल बांधलं आणि आत जोत्तोकडून चित्रं काढून घेतली. आज जगभरचे लोक तिकीट काढून ती बघायला जातात.

त्या वर्षीच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, अँथनी पादुआत रोज बोलला. चर्च पुरेनात, म्हणून प्रवचनं उघड्या मैदानात झाली. त्याचा पहिला चरित्रकार ३०,००० माणसं जमल्याचं सांगतो. मध्ययुगातले आकडे मी नेहमी मीठ लावून घेतो, पण त्यानं दिलेला दुसरा एक तपशील मला खरा वाटतो. लोक कात्री घेऊन यायचे, त्याच्या झग्याचा तुकडा कापून न्यायला, आणि म्हणून त्याच्याभोवती धट्ट्याकट्ट्या माणसांचं कडं करावं लागे.

तर याच मार्चमध्ये पादुआच्या नगरसभेनं एक कायदा केला. त्याआधी कर्ज फेडता आलं नाही की माणूस तुरुंगात जायचा आणि कर्ज फिटेपर्यंत तिथेच सडायचा. नव्या कायद्यानं ठरलं, की कर्जदारानं आपली मालमत्ता सोडून दिली, तर त्याला यापुढे देहानं डांबून ठेवता येणार नाही. मालमत्ता जाईल, माणूस मोकळा राहील. आणि हे बंधू अँथनीच्या विनंतीवरून केलं, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

त्यात आणखी एक शब्द आहे, ज्याच्यावर मी वाचताना थांबलो. जामीन. ही सवलत कर्जदारालाच नव्हे, जामीन राहिलेल्यालाही होती.

माझे वडील एका ओळखीच्या माणसाच्या कर्जाला जामीन राहिले होते. तो माणूस एका रात्रीत गाव सोडून गेला. पतसंस्थेची माणसं आमच्या दारात यायला लागली. ओरडत नसत, नुसती ओट्यावर बसत, शेजारपाजाऱ्यांना दिसेल अशी. बाबांना कुणी तुरुंगात टाकलं नाही, पगारातून हप्ते कापले गेले आणि काही वर्षांनी ते संपले. पण त्या काळात बाबा संध्याकाळी मागच्या दारानं घरात यायचे. मी तेव्हा नववीत होतो. म्हणून आठशे वर्षांपूर्वीच्या एका नगरसभेच्या ठरावात 'जामीन' हा शब्द दिसला, तेव्हा तो ज्यानं घालायला लावला त्याच्याविषयी मला कुतूहलापेक्षा थोडं जास्त वाटलं. लेकानं दारात बसलेली माणसं पाहिली असणार, आणि नुसतं "देव बघून घेईल" म्हणून तो थांबला नाही.

पण त्याचं सगळंच जमलं असं नाही. त्याच वसंतात तो वेरोनाला गेला. तिथे एत्झेलिनो दा रोमानो नावाचा सरदार होता, क्रूरपणाबद्दल पुढे सगळ्या इटलीत कुप्रसिद्ध झालेला. त्याच्या कैदेत सान बोनिफाचो घराण्याचा एक काउंट होता. अँथनी त्याची सुटका मागायला गेला, विनवण्या केल्या, आणि हात हलवत परत आला. हे लिहून ठेवलं आहे पादुआच्याच रोलांदिनो नावाच्या इतिहासकारानं, आणि त्याला अँथनीला कमी दाखवायचं काही कारण नव्हतं.

आता दंतकथा ऐका. दंतकथेत अँथनी एत्झेलिनोच्या तोंडावर त्याच्या पापांचा पाढा वाचतो, सैनिक तलवारी उपसून वाट पाहतात, आणि तो जुलमी माणूस स्वतःच्या कमरेचा पट्टा गळ्यात अडकवून साधूच्या पायाशी लोळण घेतो. लोकांना ते हवं होतं, आणि का हवं होतं तेही समजतं. १२३७ मध्ये हाच एत्झेलिनो पादुआचा धनी झाला. जवळजवळ वीस वर्षं त्यांनी त्याला सोसलं. १२५६ च्या जूनमध्ये शहर सुटलं, ते नेमकं अँथनीच्या सणाच्या आठवड्यात. जिवंतपणी नकार घेऊन परतलेला माणूस मेल्यावर जिंकला, असं लोकांनी धरलं.

कारण तोवर अँथनी जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. वेरोनाहून आल्यावर तो खंगलाच. कांपोसांपिएरोला एका मोठ्या अक्रोडाच्या झाडावर त्याच्यासाठी फांद्यांची खोपी बांधली होती, तिथे राहिला. प्रकृती ढासळली तेव्हा बैलगाडीतून पादुआला न्यायला निघाले. शहरापर्यंत पोचला नाही. वेशीबाहेर आर्चेल्लाला, १३ जून १२३१ रोजी, शुक्रवारी गेला. वय जेमतेम छत्तीस.

सोबत्यांनी मृत्यूची बातमी दाबायचं ठरवलं, गर्दी उसळेल म्हणून. पण पोरं रस्त्यांतून ओरडत धावली की संत गेला. मग जे झालं ते पुरेसं लाजिरवाणं आहे. आर्चेल्लाकडच्या वस्तीचे लोक हत्यारं घेऊन बसले की देह इथून हलू देणार नाही. शहरवाले म्हणाले, तो आमचा. नदीवर होड्यांचा तात्पुरता पूल बांधला, तर तो तोडण्यात आला. जून महिना, उकाडा, आणि चार दिवस देह तसाच. अखेर मंगळवारी, १७ तारखेला, दफन झालं. बेंगळुरूतला मंगळवार तो हाच.

वर्ष पुरं व्हायच्या आत, ३० मे १२३२ ला, पोप नवव्या ग्रेगरीनं त्याला संत घोषित केलं.

यापुढे किल्लीची गोष्ट सुरू होते. त्या सुमाराचं पहिलं चरित्र उघडलं, तर त्यात हयातीतले चमत्कार जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते कबरीवर घडलेले: लंगडे चालले, आंधळे पाहू लागले. हयातीतले चमत्कार पुढच्या पिढ्यांत वाढत गेले. रिमिनीला माणसं ऐकेनात म्हणून समुद्रातल्या माशांनी डोकी वर काढून प्रवचन ऐकलं. भुकेल्या खेचरानं चारा सोडून प्रसादाच्या भाकरीपुढे गुडघे टेकले. कडेवरचं बाळ तर आणखी उशिरा आलं, चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या संग्रहांत. हरवलेल्या वस्तूंचं मूळ मात्र जुनं आहे. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच स्पायरच्या ज्युलियननं प्रार्थनेसाठी एक लॅटिन गीत रचलं, आणि त्यात गमावलेले अवयव नि वस्तू परत मिळाल्याचा उल्लेख आला. बहुधा त्याच ओळीवर ही सगळी किल्ल्यांची इमारत उभी आहे. पळून जाणाऱ्या शिकाऊ साधूनं त्याची प्रार्थनापोथी चोरली आणि घाबरून परत आणली, ही गोष्ट नंतर येऊन त्या ओळीला बसली.

आणि तो कायदा? तोही दंतकथेत शिरला, पण ओळखू येणार नाही अशा वेशात. एका सावकाराच्या अंत्ययात्रेत अँथनी म्हणतो, याचं काळीज याच्या छातीत नाही, तिजोरीत बघा. लोक तिजोरी उघडतात तर नाण्यांमध्ये ऊन काळीज. पादुआच्या त्याच्या बॅसिलिकात दोनातेल्लोनं १४४० च्या दशकाच्या अखेरीस कांस्यात हा प्रसंग घडवला आहे, आणि तो अप्रतिम आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. पण गंमत बघा, कायद्यात सुटतो तो कर्जदार, गोष्टीत अद्दल घडते ती सावकाराला. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची खतपत्रं आठवतात ना? आपल्याकडे निदान कर्जदार सुटल्याची गोष्ट राहिली.

तिथे कबरीच्या मागच्या दगडावर माणसं तळहात टेकवून उभी राहतात आणि फोटो, चिठ्ठ्या ठेवतात. त्याच बॅसिलिकात १२६३ मध्ये कबर उघडली तेव्हा न कुजलेली सापडलेली जीभ जपून ठेवली आहे. जबड्याचं हाड वेगळ्या पात्रात आहे, आणि १९९१ च्या ऑक्टोबरात ते दरोडेखोरांनी बंदुकीच्या धाकावर पळवलं होतं. डिसेंबरात परत मिळालं. हरवलेलं शोधून देणाऱ्याला शोधायला पोलिसांना दोन महिन्यांहून जास्त काळ लागला.

पोर्तुगीजांनी तर त्याला सैन्यात घातलं. १६६८ मध्ये लागुशच्या पलटणीत शिपाई म्हणून त्याचं नाव चढलं, १६८३ मध्ये कॅप्टनपदी बढती मिळाली. जुन्या गोव्यात, ऑगस्टिनियन मनोऱ्याच्या समोर टेकडीवर त्याचं चर्च आहे. तिथल्या मूर्तीलाही कॅप्टनचा हुद्दा होता, आणि वर्षातून एकदा ती मिरवत खजिन्यावर नेऊन पगार घेतला जाई. ज्यानं आयुष्यभर पैशाला हात न लावायचं व्रत घेतलं, त्याचा पगार!

पण गोव्यात त्याच्या नावानं दुसरंही काहीतरी झालं, आणि ते आपलं आहे. आंतोनियो द साल्दान्य नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १६५५ मध्ये 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' छापली. रोमन लिपी, कोकणी गद्य आणि मराठी पद्य. म्हणजे शिवाजी महाराज पंचविशीत होते, तेव्हा पादुआची ही कथा आपल्या भाषेत छापून झाली होती. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, याचं क्वचितच. त्यातली भाषा, आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी वाचताना होणारी फजिती, हा एक वेगळाच भाग होईल. तो पुढच्या वेळी घेऊ.