मिनोल्टा ७००० : १९८५ चा ऑटोफोकस फिल्म कॅमेरा – फीचर्स, स्पेसिफिकेशन्स आणि आज घ्यावा का?

मोबाईलच्या स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावलं की चौकोन हिरवा किंवा पिवळा होतो आणि चेहरा स्पष्ट दिसतो. आपण याचा विचारही करत नाही. पण ४० वर्षांपूर्वी लेन्सची रिंग हाताने फिरवून फोकस करावा लागायचा, आणि त्यात चूक झाली तर ती कळायची फिल्म धुऊन आल्यावर.

हे काम कॅमेऱ्याकडे सोपवून बाजारात मोठं यश मिळवणारा पहिला ३५ मिमी एसएलआर म्हणजे जपानच्या मिनोल्टा कंपनीचा ७०००. सध्या फिल्म कॅमेऱ्यांची पुन्हा चलती आहे आणि सेकंड हँड बाजारात हे मॉडेल बऱ्याचदा दिसतं. म्हणून या लेखात पाहूया, हा कॅमेरा नेमका काय आहे, त्याचा ऑटोफोकस कसा चालतो, स्पेसिफिकेशन्स काय आहेत आणि विकत घेताना काय तपासायचं.

आधी एक छोटी गोष्ट : एसएलआर म्हणजे काय?

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि प्रिझममधून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे जे लेन्स पाहते तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश फिल्मवर पडतो. तेवढा क्षण व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. 'खटॅक' असा जो आवाज येतो, तो मुख्यतः या आरशाचा आणि शटरचा.

एकच कॅमेरा, तीन नावं

हा कॅमेरा १९८५ च्या सुरुवातीला आला. जपानमध्ये त्याचं नाव होतं अल्फा ७०००, अमेरिकेत मॅक्सम ७००० आणि युरोपात ७००० एएफ. तिन्हींची यंत्रणा एकच आहे, त्यामुळे जाहिरातीत वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका.

मॅक्सम नावाचा एक किस्सा आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर या नावातले दोन 'एक्स' एकमेकांत अडकवलेले होते. एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या लोगोतही तसेच एक्स होते. तिने आक्षेप घेतला आणि मिनोल्टाने नंतर साधे एक्स छापले. अडकलेल्या एक्सवाल्या बॉडीला संग्राहक जास्त भाव देतात. फोटोत मात्र काडीचाही फरक पडत नाही.

यात नवीन काय होतं?

ऑटोफोकस ही कल्पना १९८५ मध्ये नवी नव्हती. कोनिका सी३५ एएफ हा छोटा ऑटोफोकस कॅमेरा १९७७ मध्येच आला होता. १९८१ मध्ये पेंटॅक्स एमई एफ हा ऑटोफोकस एसएलआर आला. १९८३ मध्ये निकॉनने एफ३एएफ आणला. पण पेंटॅक्स आणि निकॉनच्या या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर लेन्समध्ये होती. त्यामुळे लेन्स जाडजूड झाली, महाग झाली आणि ऑटोफोकस लेन्स मोजक्याच राहिल्या.

मिनोल्टाने विचार उलटा केला. फोकस ओळखणारा सेन्सर, हिशोब करणारी चिप आणि लेन्स फिरवणारी मोटर हे सगळं बॉडीत बसवलं. लेन्सच्या माउंटजवळ स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा एक छोटा दांडा आहे. तो लेन्सच्या मागच्या खाचेत बसतो आणि बॉडीतली मोटर त्याच्यामार्फत लेन्स फिरवते. लेन्समध्ये राहिले फक्त गिअर आणि स्वतःची माहिती सांगणारी एक छोटी चिप. त्यामुळे लेन्स आटोपशीर राहिल्या आणि सुरुवातीपासूनच त्यांची मोठी मालिका बाजारात आणता आली.

याची किंमतही मोजावी लागली. नवा 'ए' माउंट जुन्या मिनोल्टा लेन्सना जुळत नव्हता. ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून मिनोल्टाच्या लेन्स जमवल्या होत्या, त्यांच्या लेन्स नव्या बॉडीवर बसेनात. निकॉनने १९८६ च्या एफ-५०१ मध्ये मोटर बॉडीत घेतली, पण आपला जुना एफ माउंट कायम ठेवला. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० आणताना मिनोल्टासारखाच माउंट पूर्ण बदलला, मात्र मोटर लेन्समध्येच ठेवली.

फोकस कसा होतो? तुमच्या फोनशी याचं नातं

७००० चा मुख्य आरसा पूर्ण आरसा नाही. त्याचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. मागे एक छोटा दुसरा आरसा आहे. तो हा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या सेन्सरकडे वळवतो.

तिथे लेन्सच्या डाव्या बाजूने आलेला प्रकाश आणि उजव्या बाजूने आलेला प्रकाश वेगळा केला जातो आणि त्याच दृश्याच्या दोन प्रतिमा तयार होतात. फोकस बरोबर असेल तर या दोन प्रतिमांमधलं अंतर ठरल्याइतकं असतं. फोकस पुढे किंवा मागे गेला की ते अंतर कमी-जास्त होतं. त्यावरून चिपला दोन गोष्टी एकदम कळतात : लेन्स कोणत्या दिशेला फिरवायची आणि किती. चाचपडत पुढे-मागे जावं लागत नाही. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात.

नाव ओळखीचं वाटतंय? फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'पीडीएएफ' लिहिलेलं असतं, त्यातला पीडी तोच. २०१४ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस५ आणि आयफोन ६ मध्ये ही पद्धत आली. फरक एवढाच की फोनमध्ये फेज ओळखणारे पिक्सेल फोटो घेणाऱ्या सेन्सरवरच असतात, तर ७००० मध्ये फोकसचा सेन्सर आणि फिल्म वेगवेगळ्या जागी आहेत. म्हणून दोन्हीकडे जाणारा प्रकाशाचा रस्ता अगदी सारख्या लांबीचा असावा लागतो. आपटल्यामुळे आतला आरसा जरा जरी सरकला, तरी कॅमेरा 'फोकस झाला' म्हणेल आणि फोटो मात्र अस्पष्ट येईल.

मर्यादा, ज्या आधी माहीत हव्यात

- फोकस पॉइंट एकच, फ्रेमच्या बरोबर मध्ये. माणूस बाजूला हवा असेल तर आधी त्याला मध्यभागी घ्या, बटण अर्धं दाबून धरा, मग फ्रेम हलवा आणि पूर्ण दाबा.
- सेन्सर आडवा आहे, त्यामुळे त्याला उभ्या रेषा चांगल्या दिसतात. फक्त आडव्या रेषा असलेल्या दृश्यावर, उदाहरणार्थ खिडकीच्या आडव्या पट्ट्यांवर, तो अडखळतो. अशा वेळी कॅमेरा उभा धरून फोकस करा आणि मग परत आडवा करा.
- कोरी भिंत किंवा धुकं असेल तर त्याला पकडायला काहीच मिळत नाही. तुमचा फोनही अशाच ठिकाणी गडबडतो.
- मंद प्रकाशात फोकस पुढे-मागे होत राहतो. त्या काळच्या मिनोल्टा एएफ फ्लॅशमधून लाल प्रकाश पडतो, तो फोकसला मदत करतो.
- धावणारी व्यक्ती कुठे पोहोचेल याचा अंदाज हा कॅमेरा बांधत नाही. ती सोय १९८८ च्या ७०००आय मध्ये आली.

व्ह्यूफाइंडरच्या खाली हिरवा दिवा लागला की फोकस झाला. लाल खुणा लुकलुकत राहिल्या तर कॅमेऱ्याने हात टेकले असं समजा. माउंटशेजारची कळ 'एम' वर करून हातानेही फोकस करता येतो.

मुख्य स्पेसिफिकेशन्स

- प्रकार : ३५ मिमी फिल्म, ऑटोफोकस एसएलआर
- वर्ष : १९८५
- माउंट : मिनोल्टा ए
- फोकस : फेज डिटेक्शन, मध्यभागी एक पॉइंट, मॅन्युअल फोकसही
- मोड : प्रोग्रॅम, ॲपर्चर प्रायोरिटी, शटर प्रायोरिटी, मॅन्युअल
- शटर : ३० सेकंद ते १/२००० सेकंद, आणि बल्ब
- फ्लॅश सिंक : १/१०० सेकंद
- मीटरिंग : लेन्समधून, मध्यभागाला जास्त महत्त्व देणारं
- आयएसओ : २५ ते ६४००, डीएक्स कोड असलेल्या रोलवर आपोआप
- फिल्म पुढे नेणं : अंगभूत मोटर, सेकंदाला सुमारे २ फ्रेम
- सेल्फ टायमर : १० सेकंद
- बॅटरी : ४ एएए सेल, वेगळ्या होल्डरमध्ये ४ एए सेल
- वजन : सुमारे ५५५ ग्रॅम, लेन्स आणि सेल सोडून

डीएक्स कोड म्हणजे फिल्मच्या डबीवरचे काळे-चंदेरी चौकोन. ते वाचून कॅमेरा आयएसओ स्वतः लावतो. प्रोग्रॅम मोडमध्ये आणखी एक गंमत आहे. कोणती लेन्स लावली आहे हे चिपमधून कळल्यावर कॅमेरा स्वतःचा हिशोब बदलतो. टेली लेन्स असेल तर हात हलून फोटो बिघडू नये म्हणून वेगवान शटर निवडतो, वाइड असेल तर ॲपर्चर लहान ठेवून जवळचं आणि दूरचं दोन्ही स्पष्ट ठेवायला बघतो.

या कॅमेऱ्यावर जुन्या कॅमेऱ्यांसारख्या गोल चकत्या नाहीत. वर एलसीडी पडदा आणि बटणं आहेत. मोड किंवा आकडा बदलायचा तर बटण आणि छोट्या कळा वापरायच्या. फोन वापरणाऱ्याला हे लगेच जमतं, पण १९८५ मधल्या अनेक फोटोग्राफरना ते परकं वाटलं होतं.

यशानंतर कोर्ट

७००० गाजला आणि त्याबरोबर अमेरिकेतली हनीवेल कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं होतं की ऑटोफोकसमध्ये आपली पेटंट वापरली गेली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने मिनोल्टाविरुद्ध निकाल दिला आणि प्रकरण १२ कोटी ७५ लाख डॉलरवर मिटलं. पुढे २००३ मध्ये मिनोल्टा आणि कोनिका एकत्र झाल्या, आणि २००६ मध्ये त्यांनी कॅमेऱ्याचा धंदा सोडला. ए माउंट सोनीकडे गेला. आज सोनीच्या कॅमेऱ्यांवर दिसणारं 'अल्फा' हे नाव याच मालिकेतून आलेलं आहे.

विकत घेताना हे तपासा

१. सेलचा कप्पा उघडा. पांढरा-हिरवट थर म्हणजे सेल गळलेले आहेत. होल्डरला तडा गेलाय का तेही पाहा. सेलशिवाय हा कॅमेरा एकही फोटो काढत नाही.

२. एलसीडीवर काळे डाग पसरलेत का? कडेला थोडे असतील तर चालतं, आकडेच वाचता येत नसतील तर सोडून द्या.

३. हे सगळ्यात महत्त्वाचं. या मॉडेलमध्ये ॲपर्चरची यंत्रणा बिघडण्याचं प्रमाण बरंच आहे. लेन्स लावा, मॅन्युअल मोडमध्ये १ सेकंद शटर ठेवा, मागचं झाकण उघडून आतून बघत बटण दाबा. आधी ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून, मग एफ/८ वर. भोकाचा आकार बदलायला हवा. प्रत्येक वेळी ते बारीकच दिसलं तर फोटो काळपट येणार.

४. एकदा जवळच्या, एकदा लांबच्या वस्तूवर फोकस करा. मोटर घरघरते, ते ठीक आहे. पण हिरवा दिवा लागला पाहिजे.

५. लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास लागते. घेतल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

६. ग्रिपवरचा पांढरा थर बघून घाबरू नका. तो दिसायला वाईट, कामाला निरुपद्रवी. पुसला की जातो, काही दिवसांनी परत येतो.

तुमचे प्रश्न

जुनी मिनोल्टा ए लेन्स डिजिटलवर चालते का? सोनीच्या ए माउंट डिजिटल कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालते. नव्या ई माउंटवर ॲडॉप्टर लागतो, आणि ऑटोफोकस मिळेल की नाही हे ॲडॉप्टर आणि बॉडीवर ठरतं. आधी दोन्हींची जोडी तपासा.

विमानातून फिल्म नेता येते का? येते, पण चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरमुळे फिल्म खराब होऊ शकते.

खर्च किती? एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग या तिन्हींचे दर तुमच्या जवळच्या लॅबमध्ये विचारा आणि १० रोलचा हिशोब करा. बहुतेक वेळा तो आकडा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मोठा निघतो.

मग घ्यावा का?

लग्न, मुलांची धावपळ, क्रिकेटचा सामना असं काही टिपायचं असेल तर नको. फोन त्याहून वेगवान आहे. संग्रहासाठी किंवा शोभेसाठी हवा असेल तरी ॲपर्चर तपासूनच घ्या, कारण दुरुस्ती करणारे कमी उरलेत. पण ३६ फोटोंत विचार करून क्लिक करायचं असेल आणि फोकस म्हणजे नक्की काय हे हाताने समजून घ्यायचं असेल, तर चालू स्थितीतला ७००० आणि त्याची ५० मिमी एफ/१.७ लेन्स ही सुरुवातीला चांगली जोडी आहे. एक रोल संपेपर्यंत एवढं नक्की कळेल की कॅमेरा कोणत्या गोष्टीला धरून फोकस करतो. ते कळलं की फोनवर बोट कुठे लावायचं हेही आपोआप कळतं.