आजीची एक संध्याकाळ: लालबाग ते मरीन ड्राइव्ह

मुरुडच्या आमच्या घरात ‘डेट’ हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तेव्हा आजीने विचारलं, ‘कोर्टाची?’ मी समजावून सांगितलं. दोघांनीच बाहेर जायचं, सिनेमा बघायचा, काहीतरी खायचं, थोडं चालायचं आणि परत यायचं. आजी म्हणाली, ‘मग मी एकदा गेलेय.’

साल 1963. आजोबा लालबागला गिरणीत होते. आजी मुरुडला, सासू-सासरे आणि भातशेती सांभाळत. यात जगावेगळं काही नव्हतं. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता, आणि कुलाबा काय, रत्नागिरी काय, घरटी एक पुरुष मुंबईला ही किनाऱ्यावरची रीतच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना पाहिल्या तर मुंबईत दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई दिसते. गिरणगावातल्या एकेका खोलीत दहा-बारा जण राहायचे आणि पाळ्यांप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. बायको गावाला. महिन्याला मनीऑर्डर, आणि शिमग्याला किंवा गणपतीला नवरा.

आजी त्या वर्षी भातकापणी उरकून आठ दिवसांसाठी मुंबईला गेली. मुरुडहून एसटी, मग खाडी होडीने, कारण साळाव-रेवदंड्याचा पूल तेव्हा झाला नव्हता. पुढे अलिबाग, रेवस आणि रेवसहून लाँचने भाऊचा धक्का. लाँचमध्ये ती डोळे मिटून बसली होती. 17 जुलै 1947ला ‘रामदास’ बोट याच वाटेवर, रेवसला येताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका त्यानंतर कित्येक वर्षं ही खाडी अशीच ओलांडत होत्या.

मुंबईत ती एका नातेवाइकांकडे उतरली. तीही एकच खोली, माणसं नऊ. आठ दिवसांत नवऱ्याशी सलग दहा वाक्यं बोलणं झालं नाही, असं ती सांगते. शेवटी एका सुटीच्या दिवशी आजोबा दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हिला जरा मुंबई दाखवून आणतो.’ परवानगी अशी जाहीरपणे घ्यावी लागायची.

इथे थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. ‘डेट’ हा शब्द प्रेमाच्या अर्थाने छापलेला सापडतो तो 1896 साली, शिकागोच्या एका वर्तमानपत्रात, जॉर्ज एड नावाच्या लेखकाच्या सदरात. एक साधा कारकून मैत्रिणीवर कुरकुर करतो की तिच्या सगळ्या तारखा आता दुसराच कोणीतरी अडवून बसलाय. तोवर तिकडे सभ्य घरातला मुलगा मुलीच्या घरी जायचा आणि दिवाणखान्यात बसायचा, आई शेजारच्या खोलीत. पण कारखान्यांत आणि दुकानांत कामाला शहरात आलेल्या मुलींकडे दिवाणखाना कुठला? त्या भाड्याच्या खोल्यांत राहायच्या. म्हणून बाहेर जायचं. आपल्याला डेट ही चैनीची गोष्ट वाटते, पण ती जागेच्या टंचाईतून आली. लालबागच्या खोलीतल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

योगायोग म्हणजे त्याच 1896 सालच्या 7 जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला, तिकीट एक रुपया. पुढच्या काही दिवसांत खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे पडद्यातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्स राखून ठेवले होते. म्हणजे बायका सिनेमाला येणार हे मुंबईने पहिल्याच महिन्यात गृहीत धरलं होतं. नवऱ्याशेजारी बसून बघणार, हे मात्र नंतरचं.

आजी-आजोबा लालबागच्या भारतमातात गेले. गिरणी कामगारांचं, मराठी सिनेमांचं थिएटर. कोणता सिनेमा होता ते आजीला आठवत नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाली, ‘बघितलाच नाही मी, बाजूला हे बसलेले.’

मग ट्रामने बोरीबंदर. मुंबईची ट्राम तेव्हा शेवटचे दिवस मोजत होती. 31 मार्च 1964ला ती कायमची बंद झाली. तिथून चालत धोबीतलाव. मेट्रो थिएटर बाहेरूनच बघितलं. 1938 साली एमजीएम या अमेरिकन कंपनीने बांधलेलं, इंग्रजी सिनेमांचं, आपलं नव्हे. त्याच्या आसपास इराणी हॉटेलं होती. त्यातलं एक, कयानी, 1904पासूनचं आहे. हे दोघं त्यातल्याच कुठल्यातरी इराण्याकडे शिरले आणि आत ‘फॅमिली रूम’मध्ये बसले. लाकडी फळ्यांचा आडोसा, संगमरवरी टेबल. चहा, ब्रून मस्का.

माझ्यासाठी सगळी गोष्ट इथे आहे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आजी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यासमोर बसून खात होती. घरी पुरुषांची पंगत आधी, बायका मागून, चुलीपाशी. आजी म्हणते, ‘हे ब्रून चहात बुडवून खातात हे मला तेव्हा कळलं.’ चार वर्षं!

पुढे मरीन ड्राइव्ह. समुद्र मागे हटवून केलेल्या भरावावरचा रस्ता. कठड्यावर दोघं बसले, मध्ये पिशवी. आमच्या घरापासून समुद्र दोनशे पावलांवर आहे, आजीला त्याचं काय कौतुक? पण मुरुडच्या समुद्रावर दोघांनी बसायची सोय नव्हती, सगळं गाव ओळखीचं. इथे कुणी ओळखत नव्हतं. तिथे आजोबा म्हणाले, ‘दोन वर्षांत खोली घेतो. तू ये.’

खोली झाली नाही. पागडीचे पैसे कधी जमले नाहीत. मुलं मुरुडला वाढली, त्यांना बाप म्हणजे गणपतीला येणारा माणूस. मग 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. दीड वर्ष वाट पाहून आजोबा ट्रंक घेऊन घरी आले. घरात पैसा नव्हता, आत्याचं लग्न मोडलं, बाबांची शाळा सुटता सुटता राहिली. घरात त्या संपाबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज अजून बदलतो. आजी एकटीच गप्प बसते. एकदा मी विचारलं तेव्हा भांडी विसळत म्हणाली, ‘मला काय, माणूस घरी आला.’ आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून.

परवा मी मुंबईत त्याच्याबरोबर धोबीतलावला गेले. आजीला फोनवर आधी सांगितलं होतं. तिने नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव मात्र विचारलं नाही. मग म्हणाली, ‘इराण्याकडे जाणार असशील तर समोर बस. शेजारी बसलं की तोंड दिसत नाही.’

आम्ही ज्या इराण्याकडे गेलो तिथे फॅमिली रूम आहे अजून. आत पावांचे क्रेट रचून ठेवलेत. बाहेरच्या टेबलावर बसलो, समोरासमोर. तो ब्रून बुडवत नाही, कोरडाच खातो.