टनांमागची कार्डं

भिलाईचा इतिहास टनांत सांगतात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली. पोलाद कारखान्याची क्षमता दहा लाख टनांवरून पंचवीस लाखांवर गेली आणि पुढे चाळीस लाखांवर. इथल्या सेक्टरांत वाढलेल्या आम्हा मुलांना हे आकडे तोंडपाठ होते. पण एवढा मोठा व्याप चालतो तेव्हा त्याच्या पगाराचा, भांडाराचा, सुट्या भागांचा हिशेब कुणीतरी ठेवत असतंच. माझ्या तरुणपणी तो हिशेब पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडून आकडे नोंदवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असायचा. त्या कामाबद्दल गावात कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

ज्या सोव्हिएत मदतीतून भिलाई उभी राहिली, तिचाच एक ओघ युनेस्कोमार्फत पवईला, 1958 साली सुरू झालेल्या आयआयटीकडे वळला होता. साठच्या दशकात तिथे ‘मिन्स्क-2’ हा संगणक आला. त्याची स्मृती होती 4096 शब्दांची, प्रत्येक शब्द 37 बिटांचा. सत्तरच्या दशकात मी पवईला शिकायला गेले तेव्हा ‘ईसी-1030’ आलेला होता. तो सोव्हिएत बनावटीचा, पण रचना आयबीएमच्या 360 मालिकेबरहुकूम. त्यामुळे त्याच्यावर शिकलेली फोरट्रान ही संगणकभाषा अमेरिकी यंत्रांवरही चालायची, आणि याचा आमच्या पिढीला फार उपयोग झाला.

एका कार्डात 80 रकाने. फोरट्रानची आज्ञा 7 ते 72 या रकान्यांत बसवायची, 73 ते 80 मध्ये कार्डाचा अनुक्रमांक. घाईत बहुतेक जण अनुक्रमांक गाळत आणि त्याऐवजी गठ्ठ्याच्या माथ्यावर स्केचपेनने तिरपी रेघ ओढत. गठ्ठा हातातून सुटला, तर ती रेघ पुन्हा जुळवत बसायचं. पवईच्या पावसाळ्यात कार्डं दमट होऊन रीडरमध्ये अडकत. एक स्वल्पविराम चुकला की उत्तर दुसऱ्या दिवसावर जाई. म्हणून कार्ड पंच करण्याआधी अख्खा प्रोग्रॅम कागदावर, हाताने आकडे मांडत चालवून पाहायची सवय लागली.

परत येऊन मी भिलाईत नोकरीला लागले आणि खरं शिक्षण तिथल्या पंच रूममध्ये झालं. तिथे बहुतेक बायकाच. एकीने कार्डं पंच करायची, दुसरीने तोच मजकूर व्हेरिफायरवर पुन्हा टाइप करायचा. दोन्ही जुळले की यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला खाच पाडी. जुळले नाहीत, तर चुकलेल्या रकान्याच्या डोक्यावर. गठ्ठा हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं, तरी कुठलं कार्ड तपासायचं राहिलंय ते त्यांना कळायचं.

त्यांच्यात दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या एक ताई होत्या. सॉर्टर एका फेरीत एकाच रकान्यावर कार्डं लावतो. सहा अंकी क्रमांक असेल तर सहा फेऱ्या. पहिल्यांदा मी डावीकडचा अंक आधी घ्यायला निघाले, तेव्हा ताई म्हणाल्या, “उजवीकडून घे गं. एककापासून चढत गेलीस की आधीच्या फेरीत लागलेली कार्डं पुढच्या फेरीत मोडत नाहीत.” संगणकशास्त्रात याला रेडिक्स सॉर्ट म्हणतात. डोनाल्ड कनूथ यांच्या 1973 सालच्या ग्रंथखंडात त्याची सविस्तर चर्चा आहे. तो खंड ताईंनी पाहिला नव्हता. ती रीत त्यांना रोजच्या कामातून आली होती, आणि मला ती त्यांच्याकडूनच आधी समजली.

संगणक नोकऱ्या खाईल ही धास्ती तेव्हा देशभर होती. सरकारने नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचे अध्यक्ष पुण्याचे वि. म. दांडेकर होते. त्यांचा अहवाल 1972 साली आला. आमच्या पंच रूममध्येही ती धास्ती होती आणि ती अनाठायी होती असं मी म्हणणार नाही. 1978 साली आयबीएम देशातून गेली, तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने घेतली, देशी यंत्रं येऊ लागली. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे टर्मिनल आले आणि पंच रूम बंद झाली. बऱ्याच जणी टर्मिनलवर आल्या, ताईसुद्धा.

मात्र त्यासोबत व्हेरिफायरही गेला. एकदाच टाइप केलेले आकडे थेट फाइलीत जायला लागले आणि चुकीच्या क्रमांकांच्या तक्रारी वाढल्या. तपासणी आता प्रोग्रॅममध्ये घालायला हवी होती. मी ताईंना विचारलं, बोटं सर्वांत जास्त कुठे चुकतात? त्या म्हणाल्या, “एकतर एखादा अंक चुकतो, नाहीतर शेजारचे दोन अंक अदलाबदल होतात. बाकीचं क्वचित.” मग मी प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी एक तपास-अंक जोडला. प्रत्येक अंकाला त्याच्या जागेनुसार गुणायचं, बेरजेला अकराने भागायचं आणि बाकीवरून तो अंक ठरवायचा. त्या काळी पुस्तकांच्या आयएसबीएनलाही हीच पद्धत होती. ताईंनी सांगितलेल्या दोन्ही प्रकारच्या चुका तिच्यात पकडल्या जातात.