फेरीचा धक्का आणि येझ्दीचा क्लच

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० साली खुला झालेला पूल अवघ्या सोळा वर्षांत गेला आणि बार्देशकरांची पणजी पुन्हा फेरीबोटीवर येऊन ठेपली. त्या रांगांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला मात्र त्या दिवसांतला एक आवाज आठवतो. ओहोटीमुळे फेरी खाली गेलेली, धक्क्याचा चढ ओला आणि शेवाळलेला, आणि मागे गिऱ्हाईक घेऊन वर चढणाऱ्या एखाद्या पायलटच्या येझ्दीचे इंजिन एकदम किंचाळायचे. गाडी मात्र जागच्या जागी. "क्लच गेलो रे!" मागून कोणीतरी ओरडायचे.

(पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, हे निदान गोव्यात तरी सांगावे लागत नाही.)

आता गंमत अशी की दरवेळी क्लच खरोखर गेलेला नसे. पण गेला असे समजून प्लेटी बदलल्या जात. प्लेटींचे पैसे जात, दिवसाचा धंदा बुडे आणि महिन्याभरात तोच आवाज पुन्हा. असे का होई, हे समजायला गोवा सोडून जरा लांब जावे लागते.

जानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मन वाँडरर कंपनीचा मोटरसायकलचा व्यवसाय घेतला. दोन नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' झाले. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी गुपचूप एक नवी गाडी आखली, ती युद्धानंतर १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिच्यात एक विलक्षण सोय होती. गिअरचा दांडा पायाने दाबला की क्लच आपोआप सुटायचा. हाताने क्लच दाबलाच पाहिजे असे नाही! पुढच्या गाड्यांत तर तोच दांडा फिरवून किकही मारता यायची. पुढे म्हैसूरला रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा हा कारखाना काढला, १९६१ पासून तिथे या गाड्या बनू लागल्या आणि ही सोय आपल्याकडे आली. १९७३ पासून गाडीचे नाव येझ्दी झाले, सोय तीच राहिली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

आता धक्क्यावरच्या त्या किंचाळण्याकडे येऊ. या गाडीत क्लचला दोन मालक. एक हँडलवरचा हात, दुसरा गिअरचा पाय. दोघांनाही थोडी ढील लागते. केबल जरा ताणून बसवली, किंवा आतला स्क्रू अर्धा फेरा जास्त आवळला, की क्लचचा दांडा प्लेटींना कायम थोडासा रेटत राहतो. सपाटीवर हे कळत नाही. चढाला, दोन माणसांच्या वजनाखाली प्लेटी घसरतात, घसरून तापतात आणि तापल्या की आणखी घसरतात. दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला मेस्त हँडलचा लिव्हर ठीक करून मोकळा व्हायचा. गिअरच्या दांड्याला क्लच उचलण्याआधी थोडा मोकळा खेळ आहे की नाही, हे बोटाने पाहायचे त्याच्या लक्षात येत नसे. प्लेटी नव्या, दाब जुनाच!

दुसरा गुन्हेगार तेल. या इंजिनाचे स्वतःचे तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. खालच्या पेटीतले तेल गिअर, चेन आणि क्लच यांचे, तिघांना मिळून एकच. त्यात मोटारगाडीचे घसरण वाढवणारी रसायने घातलेले 'भारी' तेल ओतले की क्लचनेही घसरायचे ठरवले, तर दोष कोणाचा?

विजेची कथा याहून फसवी. माझ्या काकांकडे जुनी जावा होती. एका वर्षी चवथीआधी त्यांनी ती अंगोपांग रंगवून घेतली. गाडी नवरीसारखी दिसू लागली आणि हेडलाइट मात्र देव्हाऱ्यातल्या समईएवढा. बॅटरी बदलली. डायनॅमोचे कार्बन बदलले. रेग्युलेटरवर संशय गेला. दोन आठवडे काका अंधार पडायच्या आत घरी.

या जुन्या गाड्यांची वीज सहा व्होल्टची. पस्तीस वॉटचा दिवा सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपियर ओढतो, बारा व्होल्टवर तीनच. वाटेत कुठे गंजलेला सांधा असेल आणि त्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर सहा व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट तिथेच जिरतो, म्हणजे दहावा हिस्सा. बारा व्होल्टच्या गाडीत ०.३, म्हणजे चाळिसावा. आमच्या खाऱ्या हवेत तांबे हिरवे व्हायला एक पावसाळा पुरतो. त्यात या गाड्यांत परतीची वाट वायरीतून नसून गाडीच्या लोखंडातून असते. हेडलाइटची वीज हँडलच्या छऱ्यांतून, नटांच्या वायसरांखालून बॅटरीकडे परत यायची. काकांच्या रंगाऱ्याने नेमका तिथेच रंग चढवला होता.

शेवटी म्हापशाच्या एका म्हाताऱ्या मेस्ताने दिवा लावून ठेवला, हातभर वायर घेतली, एक टोक हेडलाइटच्या पत्र्याला घासून लावले, दुसरे बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. दिवा भक्कन पेटला. "बॅटरी कित्याक बदलली रे?" त्याने काकांना विचारले. काका शिक्षक होते, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच निरुत्तर झाले होते. मीटर नाही, काही नाही. हँडल वळवताना दिवा लुकलुकतो का, हेही तो आधी पाहून घेई. लुकलुकला तर मानेपाशी वायर सोललेली. किक मारून ठिणगीच नसेल तर आधी प्लग, मग पॉइंटची फट, ती ०.४ मिलिमीटर. ती मोजायला त्याच्याकडे काय होते म्हणाल, तर एक जुना पत्ता!

२०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझ्दी ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. पेट्रोल इंजेक्शनच्या, बारा व्होल्टच्या गाड्या आहेत त्या, आणि पायाने क्लच सुटत नाही. काकांची जावा अजून चुलतभावाच्या घरी आहे. मेस्ताने त्या दिवशी जोडलेली वायर कोणी काढलेली नाही, हेडलाइटपासून टाकीखालून बॅटरीपर्यंत ती तशीच आहे, मध्ये दोन ठिकाणी निळी टेप गुंडाळलेली.