दहाव्या मजल्यावरचा प्रिंटर

५ फेब्रुवारी २०१६, शुक्रवार. ढाक्यात सुट्टीचा वार. बांगलादेश बँक ही देशाची मध्यवर्ती बँक. तिच्या दहाव्या मजल्यावरचा एक प्रिंटर परदेशी व्यवहारांचे ‘स्विफ्ट’ या बँकाबँकांतल्या संदेशयंत्रणेवरचे संदेश रात्रंदिवस आपोआप छापत असे. सकाळी अधिकारी आले तेव्हा ट्रे रिकामा. प्रिंटर बिघडला असेल, पूर्वीही बिघडलाच होता, असं समजून काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

रात्रीतूनच न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर वळवण्याचे चोरांचे ३५ आदेश सुटले होते. शिलाई कारखान्यांतल्या बायकांच्या आणि परदेशी राबणाऱ्या मजुरांच्या घामावर उभी राहिलेली ती गंगाजळी. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोहोचले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी वाचले, तेही ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चोरांनी चुकवलं म्हणून. मुहूर्त मात्र त्यांनी अचूक काढला होता: शुक्रवारी ढाका बंद, शनिवार-रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. तपासात कळलं, बँकेकडे फायरवॉल नव्हती आणि नेटवर्कचे स्विच दहा-दहा डॉलरचे, जुन्या बाजारातले होते.

चार महिन्यांनी, २ जून २०१६ रोजी, रिझर्व्ह बँकेने भारतातल्या व्यापारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. नागरी सहकारी बँका त्या परिपत्रकाबाहेर राहिल्या. त्यांची कार्डं मात्र तोवर जगभरच्या एटीएमशी जोडली गेली होती. गरीब देशांच्या सायबर सुरक्षेतली खरी अडचण इथेच आहे. जोडणी सगळ्यांना एकदम मिळते, पहारा मात्र ऐपतीप्रमाणे आणि पाळीपाळीने.

पुण्याची कॉसमॉस बँक ही अशीच एक नागरी सहकारी बँक, १९०६ सालची. कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का, हे एटीएम ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेला विचारतं. चोरांनी वाटेतच स्वतःची खोटी यंत्रणा बसवली. ती बँकेला न विचारता प्रत्येक मागणीला परस्पर होकार देत राहिली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. २८ देशांत बनावट कार्डं एकाच वेळी चालू लागली. काही तासांत परदेशातून सुमारे ७८ कोटी आणि देशातून अडीच कोटी रुपये निघाले, त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. सोमवारी स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले.

नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेचं परिपत्रक निघालं १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, चोरीनंतर दोन महिन्यांनी. ज्यांच्याकडे स्वतःचा सायबर तज्ज्ञ नेमायला पैसा नाही, त्यांनाच सर्वांत शेवटी सावध करण्यात आलं, हे विसरता येत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने कॉसमॉसवरचा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली साखळीची शेवटची कडी तेवढी हाती लागली.