न मिटणारा डोळा

ढाणकीत आम्ही मूलपेशींचा धडा घेतो, तेव्हा वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : तुटलेली नस पुन्हा उगवेल का? या प्रश्नाचा इतिहास आपल्या शेजारीच आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. या रोगाचा मुख्य घाव चेतांवरच बसतो.

कुष्ठरोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांना दिसले. ते श्वॉन पेशींत, म्हणजे चेतातंतूंना वेढून आधार देणाऱ्या पेशींत, राहतात. चेहऱ्याच्या चेतेची पापणीकडे जाणारी शाखा निकामी झाली, की डोळा मिटत नाही. पारपटल कोरडे पडते, त्यावर जखमा होतात आणि दृष्टीही जाऊ शकते.

पन्नासच्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. न मिटणाऱ्या डोळ्यासाठी अशी एक शस्त्रक्रिया आहे : कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांत ओवायची. त्या स्नायूची चेता वेगळी असल्याने ती शाबूत असते. मग रुग्ण दात आवळून डोळा मिटायला शिकतो. पण ही झाली पर्यायी व्यवस्था. मूळ चेता दुरुस्त होईल का?

चेता कापली की पेशीपासून तुटलेला भाग नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकावरील प्रयोगांतून दाखवले. उरलेल्या टोकाला मात्र नवा अंकुर फुटतो. तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. पण त्याला वाट हवी आणि पोषण हवे. वाट श्वॉन पेशी दाखवतात. पोषण करणारे एक प्रथिन, चेतावृद्धिघटक, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी पन्नासच्या दशकात शोधले. त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुष्ठरुग्णांच्या बाधित त्वचेत हाच घटक घटलेला असतो, असे १९९४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात मुंबईचे डॉक्टरही होते.

२०१३ साली एडिंबरोच्या संशोधकांना उंदरांच्या पेशींत एक नवल दिसले. कुष्ठजंतू श्वॉन पेशींना मूलपेशींसारखे बनवतात आणि त्यांच्या आधारे शरीरात पसरतात. जी किमया माणूस उपचारासाठी करू पाहतो, ती जंतू स्वतःच्या सोयीसाठी करतो!

आज उंदरांच्या कापलेल्या चेहऱ्याच्या चेतेत मूलपेशी आणि वृद्धिघटक भरलेल्या नळ्या बसवून पाहतात. फळ आशादायक आहे, पण माणसांसाठी हा सिद्ध उपचार नाही. म्हणूनच मान्यताप्राप्त चाचण्यांबाहेर असे उपचार करू नयेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

तेव्हा मुलांना उत्तर द्यावे : चेता उगवते, पण सावकाश, आणि तिची वाट शाबूत असेल तरच. तिला वाचवणे मात्र आजही आपल्या हाती आहे. वर्गात कोणाच्या अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा दिसला, तर गाजावाजा न करता त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. औषधे तिथे मोफत मिळतात.